आडोशाचे रोप

आपल्या भाषेत ‘भांगेत तुळस’ असा एक वाक्प्रचार आहे. वाईट गोतावळ्यात वाढूनही सरळ निघालेल्या पोराला आपण तो कौतुकाने लावतो. परंतु त्यामागचे चित्र काही डोळ्यांसमोर आणत नाही. ते चित्र परसदाराचे आहे. एकच माती, एकच ऊन, एकाच आडाचे पाणी, आणि दोन झाडे शेजारी शेजारी उभी. येणाऱ्याजाणाऱ्याला दोन्ही दिसतात; तुळस कोणती आणि भांग कोणती हे ओळखण्याचे काम पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवलेले. आपल्या वाडवडिलांची नीतिअनीतीची कल्पना पुष्कळशी अशा उघड्या परसातच वाढली. बरे असो, वाईट असो, ते चारचौघांच्या नजरेखाली असे.

आता भांगेचे झाड परसातून उठून कपाटात गेले आहे. ही अलंकारिक भाषा नव्हे. कॅनडात, अमेरिकेत, जर्मनीत हजारो घरांत कपडे टांगायच्या कपाटातले दांडे काढून टाकलेले असतात. आतून पांढरा रंग दिलेला असतो. वर एक प्रखर दिवा, खाली एक कुंडी, कोपऱ्यात गरगरणारा छोटा पंखा, आणि वास शेजाऱ्यापाजाऱ्यांपर्यंत जाऊ नये म्हणून कोळशाची गाळणी. त्या कुंडीत गांजाचे एक रोप असते आणि कपाटाबाहेर एक नवशिका माणूस, दिवसातून दहा वेळा दार किलकिले करून आत पाहणारा. जन्मात कधी मेथीसुद्धा न पेरलेला. सगळे नवशिके करतात तेच तोही करतो. पाणी जास्त घालतो. पाने मलूल झाली की तहान लागली असे समजून आणखी घालतो.

फराळाच्या ताटाशेजारी हा विषय कशाला, असे एखाद्या वाचकभगिनीला वाटेल. गांजा ओढावा की ओढू नये याची चर्चा मला येथे करायचीच नाही. माझे त्यावरचे मत कोणत्याही शाळामास्तराचे असते तेच आहे, आणि कोवळ्या वयात त्याची सवय लागली तर डोके फिरण्याचा धोका वाढतो हे आता डॉक्टरांनीही पुष्कळ तपासून सांगितले आहे. माझा प्रश्न झाडाचा नाही, दाराचा आहे. कपाटाचे दार लावून घेतल्यावर आत जे चालते त्याला बरेवाईट म्हणण्याचा अधिकार कोणाला, आणि तो कोठून आला?

प्रश्न जुना आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये गायजीस नावाच्या मेंढपाळाची गोष्ट येते. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे फिरवला की माणूस अदृश्य. मेंढपाळ राणीला वश करतो, राजाला मारतो आणि गादीवर बसतो. गोष्ट सांगणारा विचारतो, अशी अंगठी सज्जनाच्या बोटात घातली तर तो तरी सज्जन राहील काय? आपल्याकडे हाच प्रश्न उलट्या बाजूने सुटतो. कर्नाटकात कनकदासांच्या नावाने सांगतात ती केळ्याची गोष्ट आपण सर्वांनी कोणत्या ना कोणत्या रूपात ऐकलेली आहे. गुरूंनी शिष्यांना एकेक केळे दिले आणि कोणी पाहत नसेल तेथे जाऊन खा म्हणून सांगितले. बाकीचे दाराआड, झाडाआड खाऊन आले. कनकदास केळे तसेच घेऊन परतले, कारण देव पाहत नाही अशी जागा त्यांना सापडली नाही. आदिपर्वातली शकुंतलाही भर दरबारात दुष्यंताला हेच बजावते. आपण एकटे होतो असे तू समजतोस. पण हृदयात बसलेला तो जुना साक्षी तेथे होताच.

केळ्याची ही गोष्ट मी वर्गात किती वर्षे सांगत आलो आहे! एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, पण केळं खाणं वाईट होतं का?” वर्ग हसला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. केळे खाण्यात पाप कसले? ‘कोणी पाहणार नाही असे खा’ म्हटल्याबरोबर ते निष्पाप फळ संशयित झाले. पुष्कळ गोष्टी अशा असतात की त्या वाईट म्हणून आपण लपवतो, की लपवतो म्हणून त्या वाईट दिसू लागतात, हे पुढे आपले आपल्यालाही सांगता येत नाही.

गांजाच्या झाडाची कथा काहीशी अशीच आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी हे झाड लपलेले नव्हते. बंगालात नौगाव, मध्यप्रांतात खांडवा आणि आपल्या मुंबई इलाख्यात अहमदनगर, म्हणजे आजचा अहिल्यानगर जिल्हा, येथे ते सरकारी परवान्याने उघड्या शेतात उभे असे. नर झाडे वेळीच ओळखून उपटण्यासाठी जाणती माणसे लावलेली असत, माल सरकारी देखरेखीखाली गोदामात जाई, त्यावर कर बसे. १८९३ साली सरकारने या पदार्थांच्या चौकशीसाठी एक मोठे कमिशन नेमले. हजाराहून अधिक साक्षी घेऊन १८९४ साली त्याने अहवाल दिला तो असा की अतिरेक घातक आहे, बेताचे सेवन बहुधा फारसे अपायकारक नाही, सबब सरसकट बंदी न घालता कर आणि नियंत्रण ठेवावे. गांजेकसाला समाजात मान होता असे मुळीच नाही. ‘गांजेकस’ ही शिवीच होती. पण ती शिवी तोंडावर देता येत असे. कोण कोणत्या मठाच्या ओट्यावर बसतो, कोणाचे रान गहाण पडले आहे, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे गावाला ठाऊक असे. आणि ठाऊक असल्यामुळे कधी कोणी त्याला दोन शब्द सुनावी, कधी कोणी त्याच्या पोरांना जेवायला बोलावी.

१९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्याने आपल्याकडे हे झाड लावणे गुन्हा ठरले. पुण्यात किंवा नागपुरात कोणी कुंडीत एक रोप लावले तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. भांगेची नुसती पाने मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली, कारण महाशिवरात्र आणि होळी. एकाच झाडाचा शेंडा गुन्हेगार आणि पान सभ्य! कायद्याला अशा कसरती कराव्या लागतात. मी त्याला हसत नाही. अमेरिकेत तर बंदी आणखी जुनी. तेथे आकाशातून विमाने आणि हेलिकॉप्टरे शेते हुडकू लागली तेव्हा झाड घरात शिरले, आणि सूर्याच्या जागी दिवा आला.

या दिव्याच्या उष्णतेवरून एक खटला झाला, तो फार विचार करायला लावतो. १९९२ सालच्या जानेवारीत ऑरेगन राज्यातल्या फ्लॉरेन्स या गावी पहाटे साडेतीनच्या आत-बाहेर एक सरकारी अधिकारी मोटारीत बसून डॅनी कायलो नावाच्या माणसाच्या घराकडे एक यंत्र रोखून होता. ते यंत्र उष्णता पाहते. गॅरेजचे छप्पर आणि एक भिंत शेजाऱ्यांच्या घरांपेक्षा अधिक तापलेली दिसली. त्यावरून वॉरंट निघाले, आणि आत शंभरावर झाडे सापडली. माणूस गुन्हेगार होता यात शंका नव्हती. तरीही २००१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की वॉरंट नसताना अशा यंत्राने भिंतीपलीकडे डोकावणे ही झडतीच आहे आणि ती बेकायदा आहे. घराच्या आतली प्रत्येक बारीकसारीक गोष्ट खासगीच समजली पाहिजे. झाडे चांगली की वाईट याविषयी न्यायालय बोललेच नाही. ते बोलले भिंतीविषयी. आतल्या माणसाची लायकी काढून भिंतीचा मान ठरवायचा नाही, हे त्या निकालाचे मर्म मला वाटते. आणि ज्यांच्या भिंतीआड लपवण्यासारखे काहीच नाही अशा तुम्हाआम्हालाही तो मान त्यामुळेच मिळतो.

त्याहून विलक्षण हकीकत दक्षिण आफ्रिकेची आहे. गॅरेथ प्रिन्स हा कायद्याचा पदवीधर रास्ताफारी पंथाचा. त्यांच्या उपासनेत गांजा असतो. त्यापायी त्याला शिक्षा झालेल्या, आणि पुढेही आपण हे सोडणार नाही असे तो प्रामाणिकपणे म्हणाला, म्हणून वकिलीची वाट अडली. तो घटना न्यायालयात गेला. माझा हा धर्म आहे, असे त्याचे म्हणणे. २००२ साली एका मताच्या फरकाने तो हरला. २०१८ साली तोच पुन्हा त्याच न्यायालयापुढे होता. या वेळी आधार होता खासगीपणाच्या हक्काचा. आणि तो जिंकला. प्रौढ माणसाने खासगी जागेत स्वतःपुरते झाड लावले तर तो गुन्हा नव्हे, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे पाहा, चार माणसांत बसून, देवाचे नाव घेऊन, उघडपणे मागितले तेव्हा नाही म्हटले. दार लावून एकट्याने मागितले तेव्हा घे म्हटले. निकाल योग्य असेल, मी कायदेपंडित नव्हे. पण आपल्या युगाचा स्वभाव या दोन तारखांच्या मध्ये जसा दिसतो तसा मला दुसरीकडे क्वचितच दिसला आहे.

याच वर्षी, १७ ऑक्टोबर २०१८ ला, कॅनडाचा कायदा लागू झाला आणि त्याने एका घरात चार झाडांपर्यंत मुभा दिली. क्वेबेक प्रांताने घरी झाड लावायला बंदीच ठेवली आणि २०२३ साली कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. त्यामुळे राजधानी ओटावा आणि नदीपलीकडचे गातिनो यांच्यामध्ये एक पूल आहे, आणि पुलाच्या एका टोकाला जे चार चालतात ते दुसऱ्या टोकाला एकही चालत नाही. १ एप्रिल २०२४ ला लागू झालेल्या कायद्याने जर्मनीने प्रौढ माणसाला घरी तीन झाडे दिली. या साऱ्या कायद्यांमागे जॉन स्टुअर्ट मिलचा १८५९ सालचा स्वातंत्र्यावरचा निबंध उभा आहे. दुसऱ्याचे नुकसान होत नसेल तर माणसाच्या वागण्यात समाजाने हात घालू नये, हे त्याचे सूत्र. मला ते मान्य आहे. परंतु या परवानग्यांना जोडलेल्या अटी वाचल्या की मन थबकते. ब्रिटिश कोलंबिया प्रांत म्हणतो, झाड लाव, पण ते रस्त्यावरून दिसता कामा नये. जर्मनी म्हणते, झाड लाव, पण त्याचे पीक दुसऱ्याला देऊ नकोस. विकायचे तर नाहीच, फुकटही नाही. या अटींची कारणे मला समजतात. मुले आहेत, चोरटा बाजार आहे. पण ज्याने कधी बाग केली आहे त्याला विचारा, बागेचे सुख कशात असते? दाखवण्यात आणि देण्यात. जास्वंदीला पहिली कळी आली की आपण शेजारणीला हाक मारतो. पडवळ लांब झाले की अर्धे कापून पलीकडच्या बिऱ्हाडी जाते. दाखवता येत नाही आणि देता येत नाही असे झाड, ते आपले असले तरी किती आपले?

मिलवर आणि स्पेन्सरवर पोसलेले आपल्याकडचे थोर नाव आगरकरांचे. त्यांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला तो काय घरात दार लावून हवे तसे वागता यावे म्हणून? दार लावून तर तेव्हाही पुष्कळजण पुष्कळ काही करत, आणि बाहेर सोवळे मिरवत. आगरकरांना तेच नको होते. जसे मानतो तसे रस्त्यावर वागता यावे, ही त्यांची मागणी होती, आणि तिच्यापायी जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा घरावरून जाताना त्यांनी पाहिली. त्यांचे स्वातंत्र्य माणसाला चारचौघांत आणणारे होते. आजचे पुष्कळसे स्वातंत्र्य त्याला चारचौघांतून उठवून कपाटापाशी नेऊन बसवते. दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो खरा.

हे सारे मी पुस्तकातून लिहीत बसलो नसतो. माझा एक जुना विद्यार्थी ओन्टारिओत असतो. सातारा जिल्ह्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. नोकरी बरी, हप्त्याने घेतलेले घर, बायको कामावर जाणारी, पाच वर्षांची मुलगी. तेथे डिसेंबरात दुपारी पावणेपाचला सूर्य मावळतो. अशाच एका हिवाळ्यात त्याने कपाटात रोप लावले. सगळे कायद्यात बसवून, कुलूप घालून. त्याने मला लिहिले, “सर, ओढण्याची मला एवढी हौस नाही. सुटीच्या दिवशी थोडे. पण या देशात आल्यावर माझ्या हाताने उगवलेली ही पहिली गोष्ट.” मी हे वाक्य दोनदा वाचले. ज्या हातांनी लहानपणी ज्वारीला पाणी दिले ते हात सहा वर्षे नुसती बटणे दाबत होते; त्यांना माती मिळाली. आपण ‘जीव लावणे’ म्हणतो ते असेच काही असते, आणि जीव लावताना माणूस झाडाची जात पाहत नाही.

अडचण आली ती आई येणार म्हणून. साताऱ्याहून आई सहा महिन्यांसाठी येणार, तिची खोली तीच, आणि तिच्या साड्या ठेवायचे कपाटही तेच. कायद्याने तो संपूर्ण मोकळा होता. पोलिसाला दार उघडून दाखवायला त्याला क्षणाचाही संकोच वाटला नसता. आईपुढे मात्र तो चोर झाला. कारण त्याचा मामा. मामाची दोन एकर बागायत चिलमीतून वर गेली होती, आणि मामीने शेवटी भावाच्या दारात दिवस काढले होते. मुलाच्या लेखी ते झाड म्हणजे त्याच्या हिवाळ्याचा विरंगुळा. आईच्या लेखी तो तिचा भाऊ होता. कोणता कायदा या दोघांमध्ये निवाडा करील? त्याने मला विचारले होते, “रोप काढून टाकू, दुसरीकडे हलवू, की आईला सांगू?”

माझे उत्तर जाण्यापूर्वीच आई पोचली होती, आणि घरात पाऊल टाकताच तिने वास ओळखला होता. कोळशाची गाळणी आईच्या नाकापुढे काय टिकणार! तिने कपाट उघडायला लावले. बराच वेळ पाहत राहिली. त्याने भराभर कायदा सांगितला, चार झाडांचा आकडा सांगितला. तिने तो ऐकून घेतला, आणि एवढेच विचारले, “एकटाच बसतोस का रे?” तो काही बोलला नाही. ती म्हणाली, “मामानं घर बुडवलं, पण बसायचा तो निदान चार माणसांत.”

या प्रश्नाने त्याला जितके बोचले तितके कोणत्याही रागावण्याने बोचले नसते, असे तो लिहितो. भावाला तिने क्षमा केली होती असे मी समजत नाही; जमीन गेली ती गेली. परंतु नशेपेक्षाही तिच्या नजरेला आधी जे टोचले ते दार होते. शकुंतलेने हृदयातला साक्षी सांगितला, आणि शास्त्रकारांनी तेवढ्यावर भागवले. आईला तेवढा साक्षी पुरेसा वाटला नाही. तिला ओट्यावरची चार माणसे हवी होती. ती बरी माणसे नसली तरी चालतील, पण ‘आज पुरे’ म्हणायला कोणीतरी.

पुढे घडले ते थोडे गमतीचे आहे. आईने येताना पदरात बी बांधून आणले होते. खिडकीत तिने तुळस लावली. परदेशातल्या हिवाळ्यात तुळस जगवणे म्हणजे काय हे तिथल्या मराठी बायकांना विचारावे. ऊन नाही, काचेतून गारठा. चार पाने धरली आणि पिवळी पडू लागली. तुळशीचे लग्न तोंडावर आलेले. आईने दोन दिवस तिच्याकडे पाहिले, तिसऱ्या दिवशी कुंडी उचलली आणि मुलाला म्हणाली, “घाल तुझ्या त्या दिव्याखाली.” तुळस हिरवी झाली. परसदाराचे जे चित्र आपण विसरलो ते साताऱ्याच्या एका निरक्षर बाईने सात समुद्रांपलीकडे अंधाऱ्या कपाटात पुन्हा मांडले. तिला त्यात काही विपरीत वाटले नाही. “झाडांना काय कळतंय,” ती म्हणाली.

आता त्याचे शेवटचे पत्र माझ्यापुढे आहे. त्यात झाडाचा एक गुण त्याने सांगितला आहे, तो मला शेवंतीमुळे ठाऊक होता. शेवंती दसरा-दिवाळीला का फुलते? दिवस लहान होतात आणि रात्र लांबते म्हणून. फूल लांबवायचे असेल तर मळेकरी रात्री बल्ब लावून तिला फसवतात. गांजाचे झाडही याच स्वभावाचे आहे. कपाटात त्याला बारा तास सलग काळोख द्यावा लागतो, आणि मध्ये उजेडाची रेघ जरी शिरली तरी त्याचे फुलणे बिघडते. म्हणून त्याने बाहेरचा उजेड आत जाऊ नये यासाठी फटी बुजवल्या. खालची एक राहिली. दिव्याचे बारा तास असतात तेव्हा तिच्यातून आतला उजेड बाहेर येतो, आणि बाहेर अंधार पडलेला असला की फरशीवर पिवळी रेघ दिसते. आजीजवळ निजायला आलेल्या नातीने ती पाहिली आहे. आत कोण राहते, असे ती विचारते. आजी सांगते, तुळस. मुलगी म्हणते, तुळस आहे तर मग कुलूप कशाला?

त्याने मला विचारले आहे, तिला काय सांगू. पत्र येऊन तीन आठवडे झाले. पाकिटावर पत्ता लिहून ठेवला आहे.